‘किडनी दिली की दहा वर्षांत डायलिसिस’ म्हणे!

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी आपल्या मुलाला किडनी दिली. ऑपरेशन नडियादला झालं. मुलगा नोकरीला लागला आणि जाऊबाई पुन्हा दांडिया बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पायी घरी येऊ लागल्या. मग भजनी मंडळाच्या ग्रुपवर ‘किडनीदात्यांनो सावधान’ नावाचा मेसेज आला. तेव्हापासून बाई भाजीची पिशवीसुद्धा उचलत नाहीत, दिवसभर पाणी ढोसतात आणि रात्री झोप लागत नाही म्हणतात. मेसेज कुणी लिहिला ते त्यात नाही. काढा मागवायचा मोबाईल नंबर मात्र ठळक छापलाय.

मेसेजचं म्हणणं असं: किडनी देणाऱ्याला आठपट धोका असतो आणि दहा वर्षांत डायलिसिस लागतं, उरलेली किडनी अर्ध्यावरच चालते, वजन उचलायचं नाही, बाईला मूल होत नाही, आयुष्य घटतं, रोज सात लिटर पाणी आणि हा काढा घ्यायचा, पेनकिलर बंद.

आठपटीपासूनच सुरुवात करते, कारण ते खरं आहे आणि म्हणूनच जास्त चीड येते. ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात 2014 साली 96,217 किडनीदात्यांचा अभ्यास आला. तुलना केली ती तितक्याच निरोगी, पण किडनी न दिलेल्या लोकांशी. 15 वर्षांत किडनी निकामी होण्याचं प्रमाण न दिलेल्यांत दर 10,000 मागे सुमारे 4, दिलेल्यांत सुमारे 31. झाले आठपट! मेसेजवाल्याने ‘आठपट’ तेवढं उचललं आणि ‘दहा हजारांमागे’ गाळून टाकलं. उरलेल्या 9,969 जणांचं काय? त्यांच्यावर ती वेळ आलीच नाही. जाऊबाईंना मी हे कागदावर मांडून दाखवलं, तर म्हणाल्या, “मग आठपट का लिहिलंय?” घाबरवायला लिहिलंय, दुसरं काय!

त्याच अभ्यासात वयाच्या 80 पर्यंतचा अंदाजही आहे. दर 10,000 मागे निरोगी न दिलेले 14, दाते 90, आणि तपासून न निवडलेली तिथली सर्वसाधारण जनता 326. शेवटचा आकडा मी फार मिरवणार नाही. दाते मुळातच चाळणी लावून निवडलेले असतात, त्यामुळे ते इतरांपेक्षा बरे दिसणारच. धोका थोडा वाढतो, हे मान्य. पंचविशीत किडनी देणाऱ्याला पुढची पन्नास वर्षं काढायची असतात आणि या अभ्यासात कुणालाच 15 वर्षांपलीकडे पाहिलेलं नाही, हेही मान्य. पण ‘थोडा धोका वाढतो’ कुठे आणि ‘दहा वर्षांत डायलिसिस’ कुठे!

‘अर्ध्यावर चालते’ हेही चूक. एक किडनी काढली की दुसरी आकाराने वाढते, जास्त रक्त गाळू लागते. एकूण क्षमता निम्मी होत नाही, साधारण एक तृतीयांशाने कमी होते. इथेच जाऊबाईंची दुसरी गफलत झाली. त्यांच्या रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे किडनी किती रक्त गाळते त्याचा अंदाजे आकडा, 58 आहे आणि लॅबने तळाशी छापलेल्या तक्त्यात 60 च्या खाली किडनीच्या आजाराची ‘स्टेज 3’ लिहिलंय. त्यांनी त्या ओळीवर पेनाने गोल केलाय. अहो, दात्याचा आकडा असा खाली येणं अपेक्षितच असतं. तो वर्षानुवर्षं तिथेच टिकतोय का, लघवीतून प्रथिनं जातायत का, बीपी किती आहे, हे बघायचं. त्यासाठी वर्षातून एकदा बीपी, क्रिएटिनीन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासायचं असतं. एवढ्या लांबलचक मेसेजात या तपासणीबद्दल एक अक्षर नाही.

त्याऐवजी काय आहे, तर काढा. त्यात काय घातलंय ते लिहिलेलं नाही आणि जिची एकच किडनी उरलीय तिला तो रोज उपाशीपोटी प्यायला सांगतात! वनस्पती म्हणजे निरुपद्रवी, हे कुणी सांगितलं? बेल्जियममध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला वजन उतरवायच्या गोळ्यांत भलतीच चिनी वनस्पती गेली आणि कितीतरी बायकांच्या किडन्या गेल्या, त्याही दोन्ही धडधाकट असताना. जाऊबाईंनी मागवलेली बाटली मी मोरीत ओतली, त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. पाण्याचं म्हणाल तर तहानेपुरतं, उन्हाळ्यात थोडं जास्त. सात लिटर पाण्याने किडनी धुतली जात नाही, उलट रक्तातलं सोडियम उतरू शकतं.

मूल होत नाही, ही शुद्ध थाप. पण गरोदरपणात बीपी वाढण्याचा त्रास दात्यांमध्ये जास्त दिसतो, 2015 च्या कॅनडातल्या अभ्यासात 11 टक्के विरुद्ध 5 टक्के. म्हणजे डॉक्टरला आधी सांगायचं आणि जास्त लक्ष ठेवायचं, इतकंच. लग्न मोडायचं कारण नाही. वजन उचलायचं नाही ते ऑपरेशननंतर काही आठवडे, टाके भरेपर्यंत, जन्मभर नव्हे. आयुष्य घटतं म्हणणाऱ्यांसाठी मिनेसोटा विद्यापीठाचा 2009 चा अभ्यास आहे: 1963 पासूनचे 3,698 दाते, आणि ते इतर लोकांइतकेच जगले.

पेनकिलरचा मुद्दा मात्र बरोबर आहे, नाइलाजाने सांगते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं गुडघा दुखला की मनाने घ्यायची नाहीत. आपल्याकडे मेडिकलवाला न विचारता पट्टी काढून देतो, तेव्हा पैसे द्यायच्या आधी त्याला सांगायचं की मला एकच किडनी आहे.