म्हणे आजार डॉक्टरांनीच आणले

मामांनी परवा एक लांबलचक फॉरवर्ड पाठवला, शेवटी हात जोडलेले आणि "जनहितार्थ". म्हणणं असं की आधुनिक औषधं माणसाला बरं करत नाहीत, गिऱ्हाईक करून ठेवतात, आपले पणजोबा एक गोळी न खाता शंभर वर्षं जगले, लसी म्हणजे धंदा, आणि डॉक्टर संपावर गेले की उलट मृत्यू कमी होतात. सोडून देणार होतो, पण हे वाचून मामांनी बीपीची गोळी बंद केलीय असं मामीकडून कळलं, मग म्हटलं आता एकेक मुद्दा घेऊच.

आधी ते पणजोबा. शंभर वर्षं जगलेले पणजोबा सगळ्यांना आठवतात कारण ते जगले, त्यांची दीड-दोन वर्षांची असताना गेलेली भावंडं कुणाला माहीत असतात? 1800 च्या सुमारास जगभरात दहातली चारेक मुलं पाचवा वाढदिवस बघायचीच नाहीत. आज हे प्रमाण शंभरात चारपेक्षा कमी आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं, की हे स्वच्छ पाण्याने आणि पोटभर अन्नाने झालं, औषधाने नाही. अर्धं बरोबर आहे, आणि म्हणूनच ते इतकं पसरतं. अमेरिकेत गोवराचे मृत्यू लस यायच्या आधीपासून कमी होत होते हे खरंय, पण फॉरवर्डमधला ग्राफ फक्त मृत्यूंचा असतो, केसेसचा दाखवतच नाहीत. गोवर व्हायचा तेवढा होतच होता, वर्षाला तीस-चाळीस लाख मुलांना, 1963 ला लस आली आणि मग केसेस धाडकन खाली आल्या. देवीची शेवटची नैसर्गिक केस 1977 ची, सोमालियातली, आता तिथे काय त्या वर्षी घरोघरी नळ आले होते का?

आणि पाणी-अन्न एवढंच लागत असेल तर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या घरी काय कमी होतं? कॅल्विन कूलिज यांचा 16 वर्षांचा मुलगा 1924 मध्ये मोजे न घालता टेनिस खेळला, पायाच्या बोटाला फोड आला, तो चिघळला, इन्फेक्शन रक्तात गेलं आणि आठवड्याभरात पोरगं गेलं. एका फोडाने! पेनिसिलिनचा शोधच 1928 चा.

आता मामांचा लाडका मुद्दा, "बीपीची गोळी म्हणजे जन्मभराचं गिऱ्हाईक". यावर जरा थांबतो, कारण गोळी नसताना काय व्हायचं ते एका माणसाच्या बाबतीत आकड्यांसकट लिहून ठेवलेलं आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट, 1937 ला बीपी 162/98, 1941 ला 188/105. हाताशी डॉक्टरांची फौज, पण देणार काय, मीठ कमी करा, आराम करा, हृदयासाठी डिजिटॅलिस घ्या, बस. 12 एप्रिल 1945 ला चित्रकार समोर बसून त्यांचं पोर्ट्रेट काढत असताना डोक्याच्या मागे भयंकर दुखतंय म्हणाले आणि कोसळले. डॉक्टरांनी बीपी घेतलं तर 300 च्या वर, खालचा 190. त्याच दुपारी गेले, वय 63. रोज सहज घेता येईल अशी गोळी यायला 1958 उजाडलं. आता हेच गृहस्थ आज असते तर गिऱ्हाईक झाले असते, हो, पण जिवंत गिऱ्हाईक.

"पेशंट वाढवायला नॉर्मलचे आकडे खाली आणले" हे मात्र पूर्ण खोटं नाही. 2017 ला अमेरिकेत हाय बीपीची व्याख्या 140/90 वरून 130/80 वर आणली आणि एका रात्रीत कोट्यवधी लोक पेशंट ठरले, यावर डॉक्टरांमध्येच वाद झाले. फक्त फॉरवर्डवाले हे सांगत नाहीत की त्या नव्या लोकांपैकी बहुतेकांना गोळी नाही, चालणं आणि मीठ कमी करणंच सांगितलंय.

संपाचा किस्सा 1976 चा, लॉस एंजेलिसचा. मृत्यू खरंच कमी झाले. पण तेव्हा इमर्जन्सी चालू होती, पुढे ढकलता येणारी ऑपरेशन्स थांबली होती, त्यामुळे त्या ऑपरेशन्समधला धोकाही थांबला. यावरून काही ऑपरेशन्स विनाकारण होत असतील असं म्हणा, मी पण म्हणेन. डॉक्टरच नकोत कुठून आलं?

"खरा इलाज कंपन्या दाबून ठेवतात". पोटातल्या अल्सरवर वर्षानुवर्षं ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या विकल्या जायच्या, तुफान धंदा. 1984 ला बॅरी मार्शल नावाच्या डॉक्टरने अल्सरमागे असलेला जिवाणू चक्क स्वतः पिऊन दाखवला, मग अल्सर दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिक्सने बरा व्हायला लागला आणि 2005 ला त्याला नोबेल मिळालं. दाबलं कुठे? हिपॅटायटिस सी बरा करणारी गोळी तर कंपनीनेच 2013 ला बाजारात आणली, फक्त अमेरिकेत एका कोर्सची किंमत ठेवली 84,000 डॉलर. म्हणजे इलाज लपवत नाहीत हो, लुटतात. शिव्या द्यायच्या तर त्याला द्या.

आणि शिव्या द्यायला भरपूर आहे. थॅलिडोमाइड हे औषध गरोदरपणात घेतल्याने हजारो बाळं हातपाय नसलेली किंवा अर्धवट असलेली जन्मली. ऑक्सिकॉन्टिन या अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळीचं व्यसन लागण्याचा धोका कमी असल्याचं सांगून ते विकलं, 2007 ला पर्ड्यू कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला. पण हे उघडं पाडणारे कोण, तर डॉक्टर, सरकारी तपासनीस, पत्रकार. "जनहितार्थ" लिहिणारे नव्हेत.

हे सगळं मामांना काही पाठवलं नाही. मशीन घेऊन गेलो, पट्टा बांधला, 178/104. म्हणाले, अरे तुझं मशीनच बिघडलंय. मग माझं घेतलं, 122/80. परत त्यांचं, 182. थोडा वेळ टीव्हीकडे बघत बसले, मग आत आवाज दिला, "अगं, ते गोळ्यांचं पाकीट कुठे ठेवलंयस?"