मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होत नाही

व्हॉट्सॲपवर फिरणारा सल्ला असा: नवा सुती कपडा मूठभर मीठ आणि अर्धी वाटी व्हिनेगर घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवा, रंग कायमचा पक्का होतो. पहिल्या धुण्याला डिटर्जंट मात्र नको, रंग तोच काढतो.

‘मीठ रंग धरून ठेवतं.’ रंगाईत मीठ वापरतात हे खरं, पण ते रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलायला. पाण्यात सुती धाग्यावर ऋण भार येतो, रंगाच्या रेणूंवरही तोच असतो. मिठामुळे त्यांचं एकमेकांना दूर लोटणं कमी होतं. सुतासाठी सर्रास वापरला जाणारा रिॲक्टिव्ह रंग धाग्याशी कायमचा जोडला जातो तो धुण्याच्या सोड्यामुळे. जो जोडला गेलाच नाही, तो कारखान्यात गरम साबणपाण्याने धुऊन काढायचा असतो. ती धुलाई अर्धवट राहिली, की घरी बादली लाल होते. सुटलेला हा रंग शेजारच्या पांढऱ्या बनियनवर चढवायलाही मीठच मदत करतं!

‘व्हिनेगर रंग बसवतं.’ लोकर, रेशीम, नायलॉन ॲसिड रंगांनी रंगवताना आम्ल लागतं, तेही गरम पाण्यात. सुताला उपयोग नाही.

‘डिटर्जंट रंग काढतो.’ कच्चा रंग तो लवकर सोडवतो, एवढं बरोबर. पण तो रंग एरवीही पुढच्या धुण्यांत सुटणारच होता. प्रश्न आहे तो सुटल्यावर कुठे जातो याचा. सर्फॅक्टंटचे, म्हणजे डिटर्जंटमधल्या मळ सोडवणाऱ्या घटकाचे, रेणू पाण्यात पुंजके करतात. विशेषतः नॉनआयॉनिक (विद्युतभार नसलेल्या) प्रकारचे पुंजके अनेक रंगांना पकडून पाण्यातच ठेवतात. जीन्सची नीळ पाण्यात विरघळत नाही, तिचे कण सुटतात. तेही सर्फॅक्टंटमुळे तरंगते राहतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. रंगीत कपड्यांसाठीच्या काही डिटर्जंटमध्ये पीव्हीपी हा पॉलिमरही असतो, तो सुटा रंग बांधून ठेवतो. उलट बऱ्याच पावडरींत भर म्हणून सोडियम सल्फेट घालतात, रंगाईत मिठासारखंच वापरतात ते. रंगीत कपड्यांना म्हणून ‘कलर’ लिहिलेलं लिक्विड बरं.

अर्थात सर्फॅक्टंटचीही मर्यादा आहे. मशीन ठासून भरलं, पाणी कमी पडलं किंवा धुणं झाल्यावर ओले कपडे तासभर आतच राहिले, तर डाग पडतोच. भिजत ठेवणं तर टाळाच.

धुण्याआधी ओल्या पांढऱ्या सुती फडक्याने शिवण आतून घासून पाहा. फडक्याला रंग लागला, तर पहिली दोन-तीन धुणी थंड पाण्यात, वेगळी. तरीही पांढऱ्यावर रंग चढलाच, तर तो कपडा वाळवू नका, इस्त्री करू नका. लगेच ताज्या डिटर्जंटमध्ये ४० अंशांच्या पाण्यात पुन्हा धुवा.