माझं मत मी त्या पोराला का दिलं

रविवारच्या रॅप बॅटलचा निकाल लागल्यापासून फोन थांबत नाहीये. "तू अण्णाला पाडलंस" असं तोंडावर म्हणणारे निदान समोर तरी आले. बाकीचे ती क्लिप फिरवतायत. पोरगं मध्येच अडकतं, गर्दी हुर्यो करते, क्लिप संपते. खाली लिहिलंय, "हा जिंकला?" तीन परीक्षकांत एक मत इकडं पडलं, एक तिकडं. तिसरं माझं होतं. म्हणजे जाब द्यायचा तर तो मीच देणं लागतो.

अण्णाचं खरं नाव इथं घेत नाही, सोलापूरच्या पूर्व भागात त्याची गरजही नाही. लहानपणी वडिलांच्या हातमागावर बसलेला, आता यंत्रमागावर पाळी करणारा माणूस. पाळी सुटली की गल्लीतल्या पोरांना गोळा करून मोबाईलवर बीट लावायचा. सोलापुरात, आपल्या बोलीत, आपल्या 'बे'सकट रॅप करता येतो हे मला त्याच्याकडून कळलं. दहा-बारा वर्षांची दोस्ती आहे आमची. त्याच्या विरोधात कागदावर खूण करताना हात जड झाला होता.

पोरगं एकोणीस वर्षांचं. घरी तेलुगू, दारात मराठी.

बीट नव्हती. तीन-तीन राउंड, एकेक राउंड दोन मिनिटांचा. टॉस अण्णानं जिंकला आणि आधी बोलायचं घेतलं. तिथंच माझ्या मनात चुकचुकलं. बॅटलमध्ये मागनं बोलणाऱ्याला समोरच्याचं ताजं वाक्य हातात मिळतं, त्यावर उलटवार करता येतो. अण्णाला हे चांगलं ठाऊक आहे. पण जो सगळं पाठ करून येतो, त्याला आधी बोलून मोकळं व्हायची घाई असते.

पहिला राउंड अण्णाचाच, त्यात वाद नाही. त्याची दमसास, शब्द टाकायची ती संथ पद्धत, कुणाला जमणार आहे? पोरानं एक ओळ तेलुगूत टाकली, तेव्हा निम्मा हॉल लगेच हसला आणि उरलेला निम्मा शेजाऱ्यानं अर्थ सांगितल्यावर. तेवढं सोडलं तर ते घाबरलेलंच होतं.

दुसऱ्या राउंडला अण्णानं धोटा काढला, मागावर आडवा धागा घेऊन इकडनं तिकडं पळतो तो. म्हणाला,

"धोटा फेकत वाढलो मी, तू फेकतोस नुसत्या बाता,
चादर विणली ज्या हातांनी, त्या हातात माईक आता!"

हॉल उठला. मीही उठलो, खोटं कशाला बोलू. मग पोराची पाळी आली. त्यानं घरनं लिहून आणलेल्या दोन ओळी म्हटल्या आणि ते थांबलं. क्लिप इथली आहे. मी समोर, पाच-सहा फुटांवर बसलो होतो. ते ओळ विसरलं नव्हतं. त्याचा उजवा हात मांडीजवळ हलत होता, इकडनं तिकडं, तिकडनं इकडं, धोट्यासारखा. मागनं लोक ओरडत होते. ते खाली बघत शब्द जुळवत होतं. आणि मग वर बघून म्हणालं,

"धोटा जातो इकडनं तिकडं, तिकडनं येतो इकडं,
दहा वर्षं तेच चाललंय, अण्णा, जरा सरका पुढं!"

क्लिप कापणाऱ्यानं नेमकी ही ओळ कापली आहे. याचा मला राग आहे, आणि तो मी लपवणार नाही. दहा-बारा सेकंदांच्या शांततेला तुम्ही चोक म्हणता, म्हणजे ओळ विसरून अडकणं. समोरच्यानं दिलेला शब्द उचलून, उलटा करून, त्याच्याच अंगावर टाकायला माणसाला एवढा वेळ लागला, तर त्याला मी चोक म्हणणार नाही.

तरीही अण्णाच्या हातात तिसरा राउंड होता. हॉल वाट बघत होता, आता तो धोट्याचं काय करतो. अण्णानं धोट्याला हातच लावला नाही. लिहून आणलेला तिसरा राउंड त्यानं एकही अक्षर न चुकता म्हटला. भारी लिहिला होता. पण तो त्या रात्री, त्या पोरासमोर म्हटल्यासारखा नव्हता. दुसऱ्या कुणासमोरही तो जसाच्या तसा चालला असता.

१९८१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या हार्लेम वर्ल्ड क्लबात बिझी बी आणि कूल मो डी या दोन रॅपरांची झालेली लढत रॅपवाले अजून सांगतात. गर्दीला नाचवण्यात, आपल्या मागं ओरडायला लावण्यात बिझी बी पटाईत. कूल मो डी आला आणि त्यानं बिझी बीच्या त्याच लकबी धरून एकेक टाका उसवला. ती लढत लोकांच्या लक्षात राहिली ती समोरच्याला धरून बोलल्यामुळं.

आणि एवढ्या लांब कशाला जायचं? शाहीर राम जोशी आपल्या सोलापूरचाच की. शाहिरांच्या फडात कलगीवाले शक्तीला मोठं म्हणायचे, तुरेवाले शिवाला. एकानं भेदिकात कोडं घालायचं, दुसऱ्यानं ते उकलायचं. गळा कितीही गोड असो, सवाल लोंबकळत ठेवून पुढचं गाणं धरलं तर ऐकणाऱ्याला ते कळायचंच. त्या मातीतले आपण, आणि जवाब देणाऱ्याला हुर्यो करतो?

एक गोष्ट दोघांच्याही बाजूनं लिहून ठेवतो. आई-बहिणीवरनं एकानंही एक ओळ घेतली नाही. टाळ्या सहज मिळाल्या असत्या, तरी घेतली नाही.

रात्री साडेबाराला स्टेशनजवळ चहाला थांबलो होतो. पोरगं लांब उभं होतं. अण्णानंच हाक मारली, "ये बे, बस." बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ग्लास खाली ठेवत अण्णा त्याला म्हणाला, "धोटा तिथंच फिरतो, खरंय. पण त्याच्यानंच कापड वाढत जातं बे."

पोरगं बघतच राहिलं. म्हणालं, "अण्णा, हे वर म्हणाला असतात तर मी संपलो होतो."

"तिसरा राउंड आठवत होतो रे मी," अण्णा म्हणाला. मग माझ्याकडं न बघता त्याला म्हणाला, "पुढच्या खेपेला आधी तू बोलायचं."