केबल आवळून हँडब्रेक धरत नाही, हे मान्य, पण...

नमस्कार,

"हँडब्रेक धरत नसेल तर केबल आवळा, असं सांगणाऱ्याने जीपखाली कधी डोकं घातलेलं दिसत नाही. सरळ लायनर बदलायचे, विषय संपला. आणि हँडब्रेक असताना ठोकळ्यांचं कौतुक कशाला?" असं तुम्ही लिहिलंत, जुन्या जीपच्या हँडब्रेकवरच्या माझ्या लेखावर. त्यात मी केबल आवळायला आणि गाडी घरंगळू नये म्हणून चाकांना ठोकळे लावायला सांगितलं होतं. डोकं घातलंय हो, गिअर ऑइलने माखून बाहेरही आलोय. पण केबलच्या बाबतीत चूक माझीच.

विलीस एमबी (दुसऱ्या महायुद्धातली जीप) किंवा जुन्या सीरिज लँड रोव्हरचा हँडब्रेक चाकांवर नसतोच. तो ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, जिथे जोडतो तिथल्या ड्रमवर असतो. लायनर, म्हणजे ड्रमला घासून तो थांबवणारे पट्टे, झिजले तर केबल (लँड रोव्हरमध्ये तिच्या जागी रॉड) सैल सोडून आधी ड्रमपाशीच ॲडजस्ट करायचं, केबल शेवटी. मी लिहिलं तशी नुसती केबल ओढत गेलात तर लायनर ड्रमला घासत राहतात आणि चालत्या गाडीत तापून जळतात. ती ओळ लेखातून काढतो.

पण लायनर बदलून विषय संपतो, हे मला पटत नाही. आधी दोष कुठे आहे ते बघा. चाकांना ठोकळे लावा, केबल सोडवा आणि ड्रमपाशी असलेला लिव्हर हाताने ओढा. ब्रेक धरला, तर आतलं सगळं ठीक. केबल म्यानात (वरच्या आवरणात) गंजली असेल नाहीतर मुठीचे दाते झिजले असतील. नाही धरला तर ड्रम उघडा. पाण्याचिखलातून गेलेल्या गाडीत आत वाळलेला गाळ निघतो, तो साफ केला की भागतं. लायनर तेलकट निघाले, तर मात्र नवे टाकण्याची घाई करू नका, तेही आठवड्याभरात तेल पितील. तेल येतं ट्रान्सफर केसच्या मागच्या ऑइल सीलमधून (शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या कडीतून). सील बदलूनही गळत असेल तर ब्रीदर, म्हणजे केसमधली हवा बाहेर सोडणारं भोक, चोंदलाय का बघा. ट्रान्सफर केस तापली की आत दाब वाढतो आणि तेल सीलमधून वाट काढतं. योकवर (शाफ्ट जोडायच्या तुकड्यावर) सीलच्या जागी चर पडलाय का, शाफ्ट वरखाली हलतोय का, हेही तपासा. शाफ्ट हलत असेल तर कितीही भारी सील टाका, टिकणार नाही.

आता ठोकळे. एमबीच्या क्राउन-पिनियनचं (मागच्या ॲक्सलमधल्या दातेरी चक्रांच्या जोडीचं) प्रमाण ४.८८ ला १, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे ४.८८ फेरे तेव्हा चाकाचा एक, म्हणून एवढासा ड्रम चाकांवर जवळपास पाचपट जोर लावतो. (चालत्या गाडीत तो खेचला की हिसका युनिव्हर्सल जॉइंटला, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या टोकाच्या वळणाऱ्या सांध्याला, बसतो.) पण हा सगळा जोर शाफ्ट आणि डिफरन्शियलमधून (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमधून) चाकांपर्यंत जातो. मागचं एक चाक जॅकवर उचललंत की ते हवेतलं चाक उलटं फिरतं, जमिनीवरचं सुलटं, आणि हँडब्रेक पूर्ण ओढलेला असतानाही गाडी चालू लागते. एखादा हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून एका चाकाकडे जाणारा दांडा) तुटला तरी हेच. आणि जॉइंट बदलायला मागचा प्रोपेलर शाफ्ट काढला, की मागच्या चाकांना हँडब्रेक उरतच नाही. मी एकदा ठोकळे न लावता शेवटचा बोल्ट काढला होता. उतार अगदी किरकोळ होता, म्हणून हे उत्तर लिहायला शिल्लक आहे.

तुमचे जुने लायनर कोरडे निघाले होते की तेलकट, तेवढं कळवा.