मुलाने आधी मित्राचं नाव घेतलं म्हणजे ते हातचं गेलं? अजिबात नाही

काल रात्री ताईचा फोन, आवाज रडवेला. फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, मुलाला सगळ्यात जवळचं कोण ते विचारा, आधी ज्याचं नाव घेईल तेच खरं जवळचं. तो वाचून तिने दहा वर्षांच्या लेकाला विचारलं, तुझ्या सगळ्यात जवळचं कोण? त्याने पटकन मित्राचं नाव घेतलं. मेसेजनुसार याचा अर्थ आईबापांची जागा गेली, आणि उपाय काय तर दोन महिने त्या मित्राला भेटूच द्यायचं नाही! ताईने खरंच त्याचं खेळायला जाणं बंद केलं, म्हणून हे लिहितेय.

अहो, "जवळचं" म्हणजे एकच गोष्ट असते का? 1985 साली फर्मन आणि बुहर्मेस्टर या मानसशास्त्रज्ञांनी पाचवी-सहावीच्या 199 मुलांना प्रत्येक नात्याबद्दल वेगवेगळं विचारलं, माया कोण करतं, मदत कोण करतं, सोबत कुणाची, मनातलं कुणाला सांगता वगैरे. माया, मदत आणि हक्काचा आधार यात आईवडील सगळ्यात वर. सोबतीला मित्र पहिले. आणि मनातलं सांगायला? मित्र आणि आई, दोघंही वर! मुलाच्या मनात एकच खुर्ची नसते, की मित्र बसला तर आईने उठायचं. त्या पोराला ज्याच्याशी रोज खेळतो तो आठवला, त्याने खरं ते सांगितलं आणि त्याचीच शिक्षा झाली, आता पुढच्या वेळी तो आईला खरं कशाला सांगेल?

"दोन वर्षांपर्यंत बाळाला आपलं-परकं कळत नाही" हे मेसेजमधलं वाक्यही चूक. 2022 मध्ये सायन्स नियतकालिकात आलेल्या प्रयोगात वर्षाच्या आतल्या बाळांना व्हिडिओ दाखवले, एक बाई बाहुलीबरोबर संत्र्याची एकच फोड उष्टी वाटून खाते, दुसरी नुसती चेंडू खेळते. बाहुली रडायला लागली की बाळं आधी उष्टं खाणारीकडे बघायची, जवळची तीच असणार म्हणून!

मेसेज पुढे म्हणतो, भावंडं भांडतात म्हणजे प्रेम नाही. वरच्याच 199 मुलांनी सांगितलं होतं की सगळ्यात जास्त भांडणं भावंडांशीच होतात. म्हणजे ते नेहमीचंच, सोडा.

एक मात्र मान्य करते, मूल एकदम गप्प झालं तर लक्ष द्यावं हे मेसेजमधलं बरोबर आहे. पण गप्प म्हणजे सगळ्यांशीच, मित्रांशीसुद्धा. ताईचा लेक तर कालपर्यंत अखंड बडबडत होता.

ताई, आज संध्याकाळी त्याला खेळायला जाऊ दे. आल्यावर काय खेळलात एवढंच विचार.