तळहात गरम झाले की समजावं

हाक साधारण मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात येते. डिसेंबरात कुणाला हीलर, म्हणजे हातातल्या ऊर्जेने लोकांना बरं करणारा, व्हावंसं वाटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. डिसेंबरात लग्नं असतात, हुरडा असतो, माणूस कामात असतो. मार्चात मात्र अप्रेझलचं पत्र आलेलं असतं, सीए कागद मागून मागून थकलेला असतो, आणि बाहेर पळस पेटलेला, पहाटे चारपासून कोकिळेने ताल धरलेला. अशा वेळी तळहात गरम वाटू लागले, तर पारा ३८ वर गेलाय, असला क्षुद्र विचार मनात आणू नका. ऊर्जा आहे ती.

आधी आपलं बालपण तपासा. लहानपणी आजीचं डोकं चेपून दिलं होतं आणि ती ‘हाताला गुण आहे हो’ म्हणाली होती ना? झालं तर. ती हेच गल्लीतल्या कंपाउंडरबद्दल आणि लोणचं घालणाऱ्या वन्संबद्दलही म्हणायची, हे कुणाला सांगायची गरज नाही.

आता दीक्षा. रेकी, म्हणजे हातांनी ऊर्जा द्यायचा जपानी उपचार, सुरू करणारे मिकाओ उसुई यांनी १९२२ साली क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावर २१ दिवस उपास केला, तेव्हा कुठे त्यांना साक्षात्कार झाला, असं परंपरा सांगते. तुमचं शनिवार-रविवारमध्ये उरकतं, दुपारच्या जेवणासकट. लेव्हल वन, लेव्हल टू, मग मास्टर. मास्टर झालात की दुसऱ्यांना मास्टर करता येतं, आणि खरी बरकत त्यात आहे. रोगी एकदा बरा झाला की परत येत नाही. शिष्याला मात्र पुढची लेव्हल असते.

दगड लागतीलच. अपोफिलाइट नावाचा काचेसारखा स्फटिक जगभरचे हीलर छातीशी धरून बसतात. तो आपल्याच दख्खनच्या काळ्या दगडाच्या पोटात, पुण्या-जळगावाकडच्या खाणींत सापडतो. वाघोलीच्या खाणी तर कॅव्हन्साइट या निळ्याजर्द खनिजासाठी जगात प्रसिद्ध आहेत. खडी फोडता फोडता पोकळी लागली की स्फटिक बाजूला काढायचे आणि उरलेला दगड काँक्रीटला पाठवायचा. म्हणजे तुमच्या मेजावरच्या स्फटिकाचा सख्खा भाऊ सोसायटीच्या पार्किंगखाली गाडलेला असण्याची दाट शक्यता आहे. इतकी सकारात्मक ऊर्जा पायाखाली असून पार्किंगवरची भांडणं का मिटत नाहीत, असं एखादा चोंबडा विचारेल. त्याची ऑरा खराब आहे.

उद्घाटनाला हॉल वगैरे घेऊ नका. चैत्रगौरीचं हळदीकुंकू कशाला आहे? झोपाळ्यात गौर, समोर कलिंगडाची कमळं, हातात पन्ह्याचा पेला, आणि वाटीतली आंबेडाळ संपेपर्यंत कुणी उठत नाही. शेजारी बसलेल्या बाईंचं मनगट हळूच हातात घ्या, डोळे मिटा, अर्धा मिनिट काही बोलू नका. मग म्हणा, “तुम्ही सगळ्यांचं करता, पण तुमचं कुणी करत नाही.”

चाळिशीपुढच्या मराठी बाईच्या बाबतीत हे वाक्य चुकलेलं मी पाहिलेलं नाही. डोळ्यांत पाणी येतं, पदर डोळ्यांकडे जातो, पलीकडच्या दोघी सरकून जवळ येतात. बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना ‘खास तुमचं’ म्हणून स्वभाववर्णन वाटलं. पोरांनी अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांच्या कागदावर मजकूर एकच होता, रस्त्यावरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला. याला ते लोक भ्रम म्हणतात. आपण इंट्यूशन म्हणतो.

मग सेशन. खरं सांगायचं तर तुमचा माल इथेच आहे. डॉक्टरांकडे दीड तास बसल्यावर नंबर लागतो आणि ते कॉम्प्युटरकडे बघत विचारतात, “झोप येते का?” उत्तर पुरं व्हायच्या आत प्रिंटर सुरू झालेला असतो. तुम्ही चाळीस मिनिटं ऐकता. जावेने २००४ मध्ये काय केलं, तेही ऐकता. माणसाला निम्मं तिथेच बरं वाटतं. उरलेल्या निम्म्यासाठी हात हवेत फिरवा. आणि फी म्हणायचं नाही, ‘एनर्जी एक्स्चेंज’ म्हणायचं. क्यूआर कोड डब्यांच्या व्यवसायातला होता तोच चालेल.

फक्त लहान मुलांपासून जपा. अमेरिकेतल्या एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी थेराप्यूटिक टचवाल्या, म्हणजे अंगाला न टेकवता हात फिरवून बरं करणाऱ्या, २१ जणांना पुठ्ठ्यामागे बसवलं. त्यांनी हात आरपार काढायचे, तिने नाणं उडवून एका हातावर आपला हात न टेकवता धरायचा, आणि कुठल्या हाताला ऊर्जा जाणवते ते त्यांनी सांगायचं. २८० वेळांपैकी १२३ वेळा बरोबर आलं, म्हणजे ४४ टक्के. नाण्यालाच विचारलं असतं तर जास्त आलं असतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलने ते छापलं १ एप्रिल १९९८ च्या अंकात. ऐन वसंतात. तेव्हा पुठ्ठा घेऊन आलेल्या भाचीला आधी कुल्फी द्या.

कायद्याचंही बघावं लागतं. १९५४ च्या जादुई उपचारांच्या जाहिरातीविरुद्धच्या कायद्याच्या यादीत मधुमेह आहे, म्हणून पत्रकावर ‘मधुमेह बरा होतो’ असं छापू नका. ‘आयुष्यातल्या गोडव्याशी बिघडलेलं नातं सुधारा’ असं छापा. आपल्याकडे २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे, त्यामुळे दोरा, ताईत, अंगारा नकोच. ब्रेसलेट द्या. ‘गोळ्या बंद करा’ हे शब्द तर चुकूनही तोंडातून काढू नका. नुसतं म्हणा, “तुमचं शरीर काय सांगतंय ते ऐका.” गोळी घ्यायला आवडते असं सांगणारं शरीर अजून जन्माला यायचंय.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू ते ऐकतील. पंधरा दिवसांनी सांगतील, पायाच्या अंगठ्याला नवी चप्पल लागली होती, जखम काही भरत नाहीये. घाबरू नका, याला ‘हीलिंग क्रायसिस’ म्हणतात. आतलं सगळं बाहेर पडतंय. जखमेवर दुरून हात फिरवा. काकू जाताना आंबेडाळीची स्टीलची वाटी ठेवून जातील, तळाला त्यांच्या यजमानांचं नाव कोरलेली. वाटी रिकामी परत करायची नसते, म्हणून तिच्यात छोटासा ‘रोज क्वार्ट्झ’, म्हणजे गुलाबी स्फटिक, घालून ठेवा.

ती न्यायला काकू येणार नाहीत. वैशाखातल्या एखाद्या दुपारी त्यांची सून येईल, हातात थर्मास आणि खांद्याला फाइलची पिशवी, आणि दारातूनच म्हणेल, “आईंची वाटी आहे ना तुमच्याकडे, तेवढी द्या.” देऊन टाका. काकू कुठे आहेत, कशा आहेत, असं मात्र तिला विचारू नका. तुम्हाला ते न सांगता कळायला हवं.