आधी खड्डा, मग पाहणी

नदीकाठी पाणीपातळी मोजायचं केंद्र उभारायचंय? की भूजलाच्या निरीक्षण विहिरीसाठी बोअर मारायचाय? उत्तम. एकच पथ्य पाळा: पुरातत्त्ववाल्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. निदान बोअर मारायचं यंत्र, म्हणजे रिग, जागेवर लागेपर्यंत तरी नाहीच.

जागा निवडण्यात तुमचा हात धरणारा कोणी नाही. पुरात न बुडणारा उंचवटा, पक्का काठ, बारमाही पाणी, जमल्यास जवळच संगम. आता योगायोग असा, की तीन-चार हजार वर्षांपूर्वी तिथे झोपडी घालणाऱ्यालाही नेमकं हेच हवं होतं. त्याच्याकडे आपोआप नोंदी ठेवणारा डेटा लॉगर नव्हता, एवढंच. बैठकीत कुणी हा मुद्दा काढलाच तर चहा मागवा.

‘एवढासा तर खड्डा!’ हे वाक्य पाठ करून ठेवा आणि म्हणताना दोन बोटांनी माप दाखवा. पाइप दोन इंची आहे, खोटं काय त्यात? त्या पाइपाभोवती खडी आणि बेंटोनाइट नावाची फुगणारी माती भरायची म्हणून ऑगर, म्हणजे जमीन उकरणारा मोठा स्क्रू, कितीतरी रुंद फिरतो, हे ज्याचं त्याला कळेल. रिग आत आणायला पाडलेली वाट, ती समतल उभी राहावी म्हणून खरवडलेला चौथरा, ड्रिलिंगच्या चिखलाचा खड्डा, सौर पॅनेलच्या खांबाचा पाया, केबलची चर, यांतलं काहीही ‘खड्डा’ या सदरात धरायचं नसतं. जुन्या वस्तीचा थर कधीकधी वीतभरच खाली असतो. त्यामुळे बोअरच्या आधी बुलडोझरनेच त्याचा निकाल लागतो. ऑगरला बदनामी नको.

ऑगरचं मात्र कौतुक करायला हवं. तो फिरत फिरत खालचा कोळसा वरच्या खापरात असा बेमालूम कालवतो, की दोन काळ एका ढिगात सुखाने नांदू लागतात. कोणती वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होती, यावरून ती वाचायची असते म्हणे. तो कागद तुम्ही आधीच फाडलेला असला, की वाचण्याची कटकटच मिटली.

कुणी अडवलंच तर ‘ही जमीन आधीच उकरलेली आहे’ असं ठणकावून सांगा. नांगर फिरलाय म्हणजे खाली काही उरलेलं नसणारच! दायमाबादला प्रवरेकाठी १९७४ साली एक शेतकरी झाडाचं मूळ खणत होता आणि खालून धातूचा हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैल जुंपलेला रथ निघाला, तो अपवाद समजा. गंमत म्हणजे त्या वस्तू शास्त्रशुद्ध उत्खननात, थरातून निघालेल्या नसल्यामुळे त्यांच्या काळाबद्दल अभ्यासक आजही वाद घालतात. त्या शेतकऱ्याला कुणी पूर्वसूचना दिली नव्हती. तुम्हाला ती मिळू शकते, म्हणून तर सावध राहायचं.

पाहणी टळतच नसेल तर ती गाडीच्या काचेतून करा. वर गवत, म्हणजे खाली काही नाही. नदी दर पुराला गाळ टाकते, जुनी जमीन काही मीटर खाली गाडली जाते आणि वरून चालणाऱ्याला तिचा पत्ता लागत नाही, असल्या गोष्टी नदीने अहवालात लिहून दिलेल्या नाहीत. खरी पाहणी करणारी मंडळी ठरावीक अंतरावर फावड्याने छोटे खड्डे घेतात, माती चाळतात, नोंद करतात, फोटो काढतात आणि खड्डे बुजवून जातात. भरीस भर म्हणजे आसपासच्या लोकांना ‘इथे कुणाला पुरलंय का?’ असं विचारतात. अशा माणसांच्या नादी लागलात तर ती फार भयंकर सल्ला देतील: बोअर पंधरा मीटर पलीकडे घ्या. आणि बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं, ही तर आणखी वाईट गोष्ट.

याहून धोकादायक सल्लाही मिळू शकतो. नुसती पातळीच हवी असेल आणि जवळ पूल असेल, तर रडार सेन्सर कठड्याला लावा म्हणतात. ना पाया, ना चर. मग उद्घाटनाला कुदळ कशावर मारायची?

हाडं दिसली तर ‘जनावराची असतील’ म्हणून मोकळे व्हा. अमेरिकेत कोलंबिया नदीकाठी १९९६ मध्ये एक सांगाडा सापडला, आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीचा. शास्त्रज्ञ एकीकडे, मूळ रहिवासी जमाती दुसरीकडे, मध्ये कोर्ट. शेवटी जमातींनी तो पुन्हा मातीत ठेवला, तेव्हा २०१७ उजाडलं होतं. त्याच देशात १९६६ पासून असा कायदा आहे, की केंद्र सरकारच्या पैशाने किंवा परवान्याने होणाऱ्या कामाआधी वारशाचा विचार करावाच लागतो. असले देश टाळावेत.

कैरोत रोडा बेटावर नाइलची पातळी मोजायचा नवव्या शतकातला खांब आहे. त्याची मापं वाचायला कोणी जात नाही, पण खांब बघायला लोक तिकीट काढतात. म्हणजे पाणी मोजायची जागाच वारसा होऊन बसते. तेव्हा तुमच्या जागेवर जुना मापक दगड दिसला, तर आधी तो उपटा.

राहता राहिला अहवाल. ‘पुरातत्त्वीय अवशेष आढळले नाहीत’ हे वाक्य रिग निघण्याआधीच टाइप करून ठेवा. सही, शिक्का, तारीख. तारीख तेवढी खोदकामानंतरची टाका, लोक फार बारीक बघतात.